रोजचा एक मिलिसेकंद

होर्ताच्या धक्क्यावर, मागच्या ऑगस्टात,
दिओलिंदा फुर्तादोने पिवळ्या गोळ्याचं झाकण लावण्याआधी
उपग्रहाची वेळ घड्याळाच्या कानात सांगितली.
मग झाकण. मग ग्रीस. मग दोर.
घटिकापात्र बुडावं तसा गोळा बुडाला,
फक्त याच्या तळाला भोक नव्हतं
आणि मुहूर्त कुणाचाच नव्हता.

खाली दोन हजार मीटर. पाणी चार अंश.
उपग्रहाची हाक तिथवर पोचत नाही.
जमीन कधी हलली ते लिहून ठेवायचं, एवढंच काम.
पण ‘कधी’ हा शब्द खादाड.

अणुघड्याळ होतं की कपाटात!
वर्षभरात केसभर हलणार नाही असं.
पण नाताळ यायच्या आत बॅटरी फस्त करणार,
आणि नाताळात या समुद्रात बोट कोण घालतं?
मेपर्यंत तग धरायचा तर स्फटिक:
नखाएवढा, अर्धपोटी राहणारा,
रोज एक मिलिसेकंद मागे पडणारा.

तिने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
पावणेतीनशे दिवस, तेवढेच मिलिसेकंद.
खडकातून लाट सेकंदाला सात किलोमीटर धावते.
म्हणजे चूक दोन किलोमीटरला थोडी कमी,
या टोकाच्या बेकरीपासून
त्या टोकाच्या दफनभूमीपर्यंत.
रोज सारखंच चुकलं तर शेवटी वजा करता येईल,
असं म्हणून तिने पेन्सिल कानामागे खोचली.

शेजारचा झेफेरिनो, पंच्याऐंशीचा,
शिकारीच्या काळात कड्यावर दुर्बीण घेऊन बसायचा.
‘दिवसभर डोळे ताणले तर दुपारी माणूस आंधळा.
देवमासा बुडी मारली की पाऊण तास वर येत नाही.
तेवढा वेळ मी डोळे मिटायचो.’
‘घड्याळ?’
‘कुठलं घड्याळ! मनात मोजायचो.
कधी चाळीस मिनिटांनी उठायचो, कधी पन्नास.’
‘आणि पन्नास झाली की?’
‘त्या दिवशी पोरं नुसतं कोबीचं सूप प्यायची.’

मे आला तो वादळ घेऊन.
बोट अठरा दिवस उशिरा निघाली.
गोळा वर आला, हाताला झोंबेल इतका थंड.
नोंदी जवळपास सगळ्या होत्या.
घड्याळ मात्र चार दिवसांपूर्वीच गप्प झालेलं.
किती मागे पडलास, विचारावं तर समोर तोंडच नाही.
डेकवर कुणी काही बोललं नाही.
खलाशी कॉन्स्टांतिनोने तिला संत्रं सोलून दिलं.

पिकोच्या बाजूला टाकलेला दुसरा गोळा अजून टिकटिकत होता.
दोघांनी नऊ महिने ऐकली होती तीच गाज,
भूकंप नसताना, काहीच घडत नसताना,
रात्रंदिवस चाललेली समुद्राची ती बडबड.
आजवर तिने ती गाळून फेकली होती.
आता एकाची गाज दुसऱ्याच्या गाजेवर ठेवून
ती एकेक दिवस सरकवत बसली,
दोन धोतरांचे काठ जुळवावेत तशी.
दोन गोळ्यांमधलं अंतर काही बदललं नव्हतं.
सरकलं असेल ते घड्याळच.

रेघ सरळ निघाली नाही.
सप्टेंबरात घसरगुंडी, मग बराच काळ शिस्त,
फेब्रुवारीत एक आडवंतिडवं वळण,
त्याचं कारण तिला आजही माहीत नाही.

‘मग भेग कुठे आहे?’ झेफेरिनोने विचारलं.
‘बेकरीपासून चारशे मीटर, समुद्रात.
दीडशे इकडे किंवा तिकडे.’
त्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला.
‘इकडे की तिकडे?’
तिने खांदे उडवले.

ऑगस्टात पुन्हा धक्का, पुन्हा पिवळा गोळा.
कपाटातलं अणुघड्याळ कपाटातच.
तिने स्फटिकच बसवला,
आणि वजनाची कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी करत
अठरा दिवसांपुरते सेल जास्तीचे घातले.
झाकण लावताना ओठ हलत होते,
चाळीसपर्यंत मोजत असावी.